रविवारच्या आत

“किती वर्षं होतात आत?” बेकरीच्या मालकानं विचारलं.

“तीन. गोदामाचं कुलूप फोडलं होतं,” ती म्हणाली.

मालकानं तिला आपादमस्तक न्याहाळलं. पन्नाशी उलटलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली बाई. हिला बरणीचं झाकण तरी धड उघडत असेल का, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. तरीही त्याचा डावा हात हळूच खाली गेला आणि गल्ल्याचा खण आत सरकला.

तिनं ते पाहिलं. ती तेच पाहायची. तुरुंगाचं नाव काढल्यावर लोक काय बोलतात, याकडे तिनं केव्हाच लक्ष देणं सोडलं होतं. तोंडानं सगळेच सभ्य असतात.

“सध्या माणूस नकोय हो,” मालक म्हणाला. त्याच्या मागच्या काचेवर ‘कामाला माणूस पाहिजे’ असं ठळक लाल अक्षरांत लिहिलेलं होतं.

“बरं,” म्हणून ती बाहेर पडली. रडूबिडू आलं नाही. राग आला, आणि तो तिला बरा वाटला. रागानं पाय भराभर पडतात.

पुढच्या लाँड्रीत बाई भारी प्रेमळ निघाली. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं, “अहो, चूक कुणाच्या हातून होत नाही?” असंही म्हणाली. बोलता बोलता तिनं टेबलावरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली. “कळवते हं नक्की,” असं तिनं दोनदा सांगितलं. फोन नंबर मात्र विचारला नाही.

रविवारी मुलगा घरी येणार होता. तीन वर्षांत मायलेक एकत्र जेवायला बसले नव्हते. रविवारच्या आत काम पक्कं व्हायलाच हवं, एवढा एकच घोशा तिनं लावला होता.

धाकट्या बहिणीला हे बिलकूल पसंत नव्हतं.

“ताई, विचारल्याशिवाय कशाला सांगत सुटतेस गं?” कणीक मळता मळता ती करवादली. “आधी काम तर मिळू दे.”

“आणि मागाहून कळलं म्हणजे? चार लोकांदेखत हाकलून देतील. त्यापेक्षा आधीच कळू दे.”

“लोक नाही नाही ते बोलतात तुला.”

“बोलू देत. माझे कान काय झिजत नाहीत.”

“त्याला कळलं तर किती चिडेल, माहितेय?”

“चिडू दे. काम हातात असलं की चिडायलाही बळ येतं.”

बहिणीनं कपाळाला हात लावला. कणकेचा हात, त्यामुळे कपाळ पांढरं झालं. ते बघून दोघींनाही हसू फुटलं.

शुक्रवारी ती फर्निचरच्या कारखान्यात गेली. कारखाना कसला, पत्र्याखालची एक लांबलचक खोली, आणि भुवयांपर्यंत भुशानं माखलेला एक जाडजूड मिस्त्री. तिनं आल्या आल्या सगळं सांगून टाकलं. मिस्त्रीचे हात फळीवर माप घेत होते, ते घेतच राहिले.

“एकट्याचं काम होतं का दोघांचं?”

“दोघांचं. दुसरा पळाला.”

“मग तुम्ही का नाही पळालात?”

“पाय मुरगळला.”

मिस्त्री खो खो हसला. “पुन्हा करणार नाही, हे कशावरून?”

असं सरळ कुणी विचारलं नव्हतं. तिनं चष्मा नीट बसवला. “कशावरूनच नाही. रोज कामावर येऊनच दाखवावं लागेल.”

“चहा सांगून येतो,” म्हणून मिस्त्री उठला आणि कोपऱ्यावर निघून गेला. त्याचा मोबाईल फळीवर होता, किल्ल्यांचा जुडगा होता, खुंटीवर शर्ट होता. ती त्यांच्याकडे बघत बसली आणि तिचे डोळे भरून आले. आल्यावर मिस्त्रीनं कशाकडेही वळून पाहिलं नाही. चहा तिच्या हातात दिला आणि एक खडबडीत स्टूल पुढ्यात सरकवलं.

“हे घासा पॉलिशपेपरनं.”

पहिला पाय तिनं पार बिघडवला. दुसरा बरा जमला. बोटं सोलवटली, पण तिसऱ्या पायावरून हात फिरवताना मिस्त्रीनं मान हलवली.

“शिकवलं तर येईल. सुरुवातीला नुसती घासाघीस. रंधा नंतर.”

“चुकलं तर ओरडता का?”

“चांगला ओरडतो. पण जुनं उकरून काढत नाही.”

“बाकीच्या कामगारांना सांगाल?”

“त्यांना काय करायचंय? त्यांची आपली स्टुलं आहेत घासायला.”

तिनं डोळे पुसले आणि भुसा डोळ्यात गेल्याचा बहाणा केला. मिस्त्रीनं तो मानून घेतला.

“आणखी एक. कधी उशीर झाला, तर लगेच संशय घेणार नाही ना?”

“बाई, काम तुम्ही मागायला आलात का मी?” मिस्त्री वैतागला. “सोमवारी नऊला हजर व्हायचं. नाव सांगा, हजेरीत लिहितो.”

“माझं नको, मुलाचं लिहा,” ती म्हणाली. “त्याला कसं वागवाल, ते आधी बघायचं होतं. परवा तुरुंगातून सुटतोय तो.”