सरकलेला डाग

दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर सूर्य उतरला होता, बशीएवढा. त्यावरचा काळा डाग मात्र पहिल्या दिवसापासून होता तिथेच होता.

खगोल शिबिरात रोज सकाळी सूर्यावरचे डाग टिपायचं काम सानियाकडे होतं. तिचे चार कागद वसतिगृहाच्या व्हरांड्यात लागले होते. प्रत्येकात डाग बोटभर पुढे गेलेला. कालच खांबेटेबाईंनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं होतं.

आज तिने दुर्बिणीचं डोळ्याकडचं भिंग हळूच फिरवलं. त्याच्याबरोबर डागही फिरला. आज टिंब आणखी बोटभर पुढे काढलं असतं, तर कुणाला कळणार होतं?

ती तडक व्हरांड्यात बाईंकडे गेली. "बाई, तो डाग सूर्यावर नाहीच. भिंगावर कचरा आहे."

"असं होय?" बाईंनी भिंतीवरच्या कागदांकडे पाहिलं. "मग कचरा रोज पुढे कसा सरकला गं?"

"मी सरकवला." सानियाची मान खाली गेली. "पुस्तकात लिहिलंय ना, डाग रोज सरकतो. मला वाटलं, माझंच बघायला चुकतंय."

बाईंनी दुर्बिणीपाशी येऊन भिंग पुसलं, नवा कागद लावला. स्वच्छ, गोल सूर्य उतरला. सानियाने त्याच्या कडेने पेन्सिल फिरवली, खाली 'डाग नाही' लिहिलं आणि कोपऱ्यात सवयीने निरीक्षणाचा क्रमांक घातला: पाच.

बाईंनी पेन्सिल मागून घेतली. पाच खोडून त्यांनी लिहिलं, एक.