खेकड्यांच्या गावाची वाट

"लेकीला आजीपाशी ठेवलंस, एक दिवस तुलाच मावशी म्हणेल," हे खोलीत सोबत राहणाऱ्या नेनिताताईचं बोलणं जोव्हेलिनने हसण्यावारी नेलं होतं. आज फोनवर फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या माहेरून लेक लाजत म्हणाली, "हॅलो, तीता." तीता म्हणजे मावशीच. टोरांटोत कायम राहण्याच्या परवान्याची वाट बघण्यात जोव्हेलिनची वर्षं चालली होती. कॅनडाच्याच दूर किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या कारखान्याने नोकरी देऊ केली होती. त्या प्रांतात अशी नोकरी धरणाऱ्याला मुलांसकट कायमचं राहता येतं. "पदवी घेऊन खेकडे सोलणार? तिथे समुद्रसुद्धा गोठतो, बये!" नेनिताताईने टोमणा मारला. "गोठू दे. पोर तर येईल कुशीत," म्हणत जोव्हेलिनने कारखान्याला होकार कळवला. पण कागद हलायला वेळ लागणार. तोवर तुमच्यापैकी कुणी इलोइलोला असाल, तर तिच्या लेकीकडे डोकावून या. झोपेत पोरीचा पाय मच्छरदाणीबाहेर जातो; कुणी आत घेतं का, बघा.