लाल शिक्का

"सुनेच्या हातात कुंचला नाही, झारा शोभतो," असं चीनमधल्या सुजौ शहरातले नामांकित चित्रसंग्राहक गूसाहेब सून वेनल्यानला उठता-बसता ऐकवायचे. आज मात्र स्वारी खुशीत होती. नव्यानं घेतलेल्या पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्रावर संग्राहकांच्या रीतीप्रमाणे पाहुण्यांदेखत आपला शिक्का उमटवायचा होता. वेनल्याननं चित्राची गुंडाळी आणून मेजावर उलगडली. वाऱ्यावर झुकलेले बांबू.

"बघा! असा हात आता पुन्हा होणे नाही," म्हणत गूसाहेबांनी लाल शिक्का दाबून उमटवला.

वेनल्याननं शांतपणे चहा ओतला. "मामंजी, जुनं चित्र पेटीतच आहे. हे बांबू माझे."

गूसाहेब बाहीनं शिक्का पुसायला धावले, तसा पाहुण्यांतला त्यांचा म्हातारा मित्र खो-खो हसत सुटला.

"राहू दे रे! तुझी पारख आजवर कधी चुकलीये?"