आठव्या दिवसाचा पत्ता

गाडीचं मागचं दार आतून उघडत नव्हतं. माईंनी दोनदा कडी ओढून पाहिली आणि हात मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या. ड्रायव्हरने वळसा घालून बाहेरून दार उघडलं.

"बिघडलंय जरा," तो म्हणाला.

बिघडलं काहीच नव्हतं. लहान मुलांसाठी असतं ते लॉक त्यानेच लावलं होतं. निघताना साहेबांनी बजावलं होतं, आईला वाटेल तिथं उतरायची सवय आहे. साहेब म्हणजे माईंचा एकुलता एक मुलगा. गाडीही त्यांचीच, लांबलचक, आत चामड्याच्या सीटा, मागे छोटासा फ्रिज. बेटाच्या किनाऱ्याने आईला आठ दिवस रमतगमत फिरवायचं, रोज नव्या हॉटेलात उतरायचं, घाई करायची नाही. शेजारपाजारचे म्हणाले होते, मुलगा असावा तर असा.

आठव्या दिवशी मात्र घरी परतायचं नव्हतं. ड्रायव्हरच्या खिशात एक पत्ता होता. बेटाच्या टोकाला, उंच भिंतीआडचा वृद्धाश्रम. माईंच्या घराला गिऱ्हाईक मिळालं होतं.

"आधी सांगितलं तर रडारड होईल," साहेब म्हणाले होते. "दारात पोचल्यावर बघू. तू फक्त गाडी चालव."

ड्रायव्हर फक्त गाडी चालवत होता. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला डोंगर, मधे एकच रस्ता. केळीच्या बागा, केवड्याची बनं, पांढरी वाळू, सगळं काचेपलीकडून सरकत होतं. त्याचं लक्ष नव्हतं. नऊ वर्षांची नोकरी. बायको आणि मुलगी राहत होत्या ती खोलीसुद्धा साहेबांच्याच कारखान्याच्या आवारात. रोज संध्याकाळी साहेबांचा फोन यायचा, "आईला काही कळलं नाही ना?" तो "नाही साहेब" म्हणायचा, आणि मग त्याला जेवण जायचं नाही.

माई मजेत दिसत होत्या. हॉटेलांचं त्यांना काही कौतुक नव्हतं. वाटेतल्या लहानसहान गावांत त्या गाडी थांबवायला लावत आणि कुणाशीही बोलत उभ्या राहत. नळाला पाणी रोज येतं का? वादळात रस्ता बंद पडतो का? दवाखाना किती लांब? माईंची तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात गेली होती. जुनी खोड, ड्रायव्हरला वाटायचं. त्यालाही हे थांबणं हवंच असायचं. तेवढाच आठवा दिवस लांबत होता. पुढे पुढे तोच निमित्तं काढू लागला. टायर बघतो म्हणायचा, इंजिन गार होऊ दे म्हणायचा. पण प्रत्येक वेळी माई परत येऊन बसल्या की दार लावायचं काम त्याच्याकडेच यायचं. त्या दाराचा आवाज त्याला नकोसा झाला होता.

"दादा, तुम्ही जेवत नाही हल्ली," माई एका दुपारी मागून म्हणाल्या.

"पोट बिघडलंय जरा."

"दारासारखं का?"

आरशात त्याने पाहिलं. माई खिडकीबाहेर बघत होत्या.

सातव्या दिवशी मच्छीमारांच्या एका गावात त्या उसवलेली बाही शिवून घ्यायला एका शिंपीणबाईंकडे शिरल्या. बाहीला दीड तास लागला. ड्रायव्हरने एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी रस्त्याला फाटा लागला. डावीकडची पाटी खिशातल्या पत्त्याची होती. ड्रायव्हरने अलीकडेच गाडी कडेला घेतली. तो उतरला, मागचं दार उघडलं, त्याच्या कडेची लॉकची कळ फिरवली आणि दार उघडंच ठेवून उभा राहिला.

"माई, आपण घरी चाललेलो नाही." त्याने पत्त्याची चिठ्ठी पुढे धरली. "तुम्हाला इथं सोडायला सांगितलंय. कायमचं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

माईंनी चिठ्ठी घेतली आणि न वाचताच घडी करून परत दिली.

"आठ दिवसांच्या सहलीला कुणी स्वेटर भरून देतं का, दादा? मी बॅग पहिल्याच मुक्कामी उघडली. तळाशी ह्यांचा फोटो होता. भिंतीवरून काढून, टॉवेलात नीट गुंडाळून ठेवलेला." एवढं बोलताना त्यांचा आवाज एकदाच अडखळला. "मुलगा फोटो विसरला नाही, एवढं म्हणायचं."

ड्रायव्हरने चिठ्ठी परत खिशात कोंबली.

"गाडी मागे वळवा," माई म्हणाल्या. "शिंपीणबाईंच्या वरच्या मजल्यावरची खोली मी काल घेतली. माझ्या पेन्शनमध्ये भागतं. आज मीच तुम्हाला सांगणार होते, तुम्ही आधी बोललात ते बरं झालं. आणि साहेबांना घाबरू नका. त्याच्याशी मी बोलेन. घराच्या कागदांवर अजून माझी सही व्हायची आहे. तोवर तो तुम्हाला एक शब्द बोलणार नाही, आणि तुमच्या नोकरीचं पक्कं झाल्याशिवाय मी पेन हातात धरणार नाही."

त्या स्वतःच उतरल्या आणि पुढच्या सीटवर येऊन बसल्या. ड्रायव्हरने गाडी वळवली. समुद्र आता माईंच्या बाजूला आला. बरंच अंतर गेल्यावर त्याने विचारलं.

"सगळं ठाऊक होतं, तर पहिल्याच दिवशी का नाही बोललात, माई? मी रोज मरत होतो."

"तुमचे हाल दिसत होते हो मला," माई म्हणाल्या. "पण पहिल्याच दिवशी बोलले असते, तर राहायला जागा शोधायला मला एवढ्या गावांतून कुणी फिरवलं असतं?"