वास नाही

भावजयीच्या स्वयंपाकघरात थोरला स्टुलावर बसला होता. समोरचा चहा कधीच निवला होता. आज सांगायचंच, असं ठरवून तो आला होता. धाकट्याला जाऊन आठवडा झाला होता.

दोघे भाऊ खताच्या कारखान्यात. हवेतला नायट्रोजन ओढायचा, हायड्रोजनशी त्याचं लग्न लावून द्यायचं, त्यातून अमोनिया आणि अमोनियातून खत. थोरला ऑपरेटर, धाकटा फिटर. फिटरने पाइपचा जोड उघडण्याआधी ऑपरेटरने वाकून हुंगायचं, ही तिथली जुनी रीत. किंचित जरी वास आला तरी व्हॉल्व्ह नीट बसलेला नाही, आत दाब आहे. मीटर होता, पण तो कधीचा बंद पडलेला; सगळ्यांचा भरवसा थोरल्याच्या नाकावर. हे नाक निवृत्त झालं की कारखान्याला कुलूप लावू, असं साहेबसुद्धा थट्टेने म्हणायचे.

ते नाक तीन वर्षांपूर्वी मेलं. सव्वीस वर्षांच्या अमोनियाने मारलं. डोळे चुरचुरले तरच त्याला कळायचं. बोलला असता तर गोदामात पोती मोजायला बसवलं असतं. ती लाज त्याला सोसवणारी नव्हती. त्या दिवशीही तो वाकला, उठला आणि जोड उघडायच्या परवान्यावर 'वास नाही' लिहून, सही करून मोकळा झाला. जोड सैल होताच फवारा धाकट्याच्या तोंडावर आला.

भावजय ओट्याशी डबे पुसत होती. थोरल्याने खाली बघतच सगळं सांगून टाकलं. तिने शिव्या द्याव्यात, घराबाहेर काढावं, पोलिसांत जावं. त्याला तेच हवं होतं. स्वतःची त्याला किळस आली होती.

तिचा हात थांबला.

"यांना माहीत होतं, दादा. म्हणून तर तुमचीच पाळी मागून घ्यायचे. तुम्ही हुंगून गेलात की हे गुपचूप पुन्हा हुंगायचे."

थोरल्याला काही कळेना. मग त्या दिवशी कसं चुकलं, असं त्याने कसंबसं विचारलं.

तिला रडू आवरेना. "सर्दीने नाक पार चोंदलं होतं यांचं. मी म्हटलं, आज घरीच थांबा. तर म्हणाले, मी नाही गेलो तर दुसरा कुणीतरी दादाच्या सहीवर विसंबून जोड उघडेल."