बेल्टची क्लिप

रेल्वेच्या सिग्नल विभागातले दामलेसाहेब जर्मनीत प्रशिक्षण घेऊन आल्यापासून लखनौभर सांगत, "तिथे दोनशेनं गाड्या पळतात, पण बेल्ट लावल्याशिवाय कुणी किल्ली फिरवत नाही." इथे मात्र बेल्टनं बायकोची पैठणी चुरगळते म्हणून निशातगंजच्या बाजारातून बेल्टच्या खाचेत बसणारी नुसती क्लिप आणली आणि गाडीची बीपबीप बंद केली. परवा एक्सप्रेसवेवर नीलगाय आडवी आली, साहेबांनी करकचून ब्रेक दाबला आणि बाईसाहेबांचं कपाळ काचेवर आपटलं. इस्पितळात खाटेशी लेक तणतणत होती, "पापा, गाड़ी की स्क्रीन पे तो बेल्ट लगी दिख रही थी. कंपनीवालों को छोड़ूँगी नहीं." "जाऊ दे गं, माझाच बेल्ट सैल असेल," टाके सांभाळत आई पुटपुटली. नवऱ्याची अब्रू झाकायची सवय जुनीच. उशाशी यंत्र बीपबीप करत होतं. साहेबांनी खिशातली क्लिप काढून लेकीच्या तळहातावर ठेवली.