चव्वेचाळीसावा आठवडा

"सोडायचा म्हणजे सोडायचा," असं म्हणत आलबाने अर्ज आजोबांच्या हातात कोंबला आणि लिफ्टचं बटण दाबलं. "एक वाजता ऑफिस बंद होतं. आज दिला नाहीत तर अजून पाच वर्षं भरत बसा."

सातुर्निनो आजोबांनी निळ्या अर्जाची पार पुडी केली आणि वर्तमानपत्रात लपवली. स्पेनच्या समुद्रकाठी, बेनिडॉर्मच्या या इमारतीत सातव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटचा वर्षातला चव्वेचाळीसावा आठवडा त्यांच्या मालकीचा होता. बाकीचे आठवडे दुसऱ्यांचे. तेवीस वर्षांपूर्वी त्यांनी तो विकत घेतला आणि तेव्हापासून वापरा न वापरा, देखभालीचे पैसे भरत आले. यंदा सहाशे चाळीस युरो. आठवडा परत करायची मुभा पाच वर्षांतून एकदाच मिळायची, आणि यंदाच्या मुदतीचा आज शेवटचा दिवस होता.

आलबा सोळा वर्षांची. आपल्याला गणित येतं हे तिला नुकतंच कळलं होतं, आणि कळल्यापासून घरातलं काहीच तिच्या तावडीतून सुटत नव्हतं. काल रात्रीच्या जेवणानंतर तिने कागदी नॅपकिनवर सगळं मांडून दाखवलं. पेन्शनरांच्या सरकारी सहलीत हाच समुद्र, हाच आठवडा, तिन्ही वेळचं खाणं आणि जेवणाबरोबर वाइन, सगळं मिळून तीनशे दहा. इथे दुपटीने भरून वर भांडी आपणच घासायची. वाचलेल्या पैशांतून पालेन्सियातल्या राहत्या घराला नवा बॉयलर येईल. जुना गेले दोन हिवाळे ऊब द्यायची सोडून नुसता खोकत होता.

आजोबांना हिशेब पटला होता. घोडं अडलं होतं ते दुसरीकडेच.

"पण मग चौथा कोण बसणार गं?" लिफ्टमध्ये त्यांनी हळूच विचारलं.

मूस हा पत्त्यांचा डाव चौघांचा, दोन जोड्यांचा. तेवीस वर्षं या आठवड्यात तेच चौघं बसायचे. आजोबा आणि त्यांची जोडीदार, व्हितोरियाची एर्मिनिया. समोर लोग्रोन्योचा फेर्मीन आणि बुर्गोसचा कास्तो. एक जरी गळला तर उरलेल्या तिघांनी नुसतं समुद्राकडे बघत बसायचं.

"कुणाला सांगायचंच नाही," आलबा म्हणाली. "गुपचूप द्यायचा आणि सटकायचं."

ऑफिसचं दार उघडलं तर समोरच्या बाकावर एर्मिनिया. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

"नळ गळतोय," कुणी विचारायच्या आत ती म्हणाली. "तू काय इकडे?"

"माझाही गळतोय," आजोबा म्हणाले.

दोन मिनिटांत कास्तो आला. त्याला टॉवेल कमी पडले होते. त्याच्या मागोमाग फेर्मीन आला, एक हात कोटाच्या आत धरून. तो म्हणे सहजच आला होता.

"आठवडा परत करायचाय त्यांनी इकडे या," खिडकीतून कारकून म्हणाला.

कुणी हललं नाही. आलबाने एकेकाचा चेहरा वाचून पाहिला, पण जन्मभर रिकाम्या हातावर बिनधास्त बोली लावणारी माणसं ती. सुरकुत्यांपलीकडे तिला काही सापडेना. साडेबारा वाजले. कास्तोने हवेचा विषय काढला. पाऊण वाजला.

"तुमचं आधी होऊ द्या," फेर्मीन म्हणाला. "मला काही घाई नाही."

"मला तर त्याहून नाही," कास्तो म्हणाला.

एकाला दहा कमी असताना एर्मिनियाने आजोबांकडे वळून दोन्ही डोळे मिटले आणि उघडले.

मूसमध्ये जोडीदाराला खूण करायची मुभा असते. खालचा ओठ चावला की हातात दोन राजे. डोळे मिटले की हातात काही नाही, सगळी थाप. आणि समोरच्या जोडीची निम्मी हुशारी असते ती ही खूण पकडण्यात.

"पकडली," कास्तो म्हणाला. "नळबिळ काही नाही. पर्समध्ये काय आहे ते काढ."

"आधी तुझ्या टॉवेलांत काय आहे ते काढ."

चार निळे अर्ज बाहेर आले. आणि मग जी काही जुंपली.

"म्हणजे मला वाऱ्यावर सोडणार होतास तू?"

"आणि तू काय आरती करायला आली होतीस?"

"मी तर तुमच्यासाठी भरत होतो, लेको. मला पोहताही येत नाही."

"मला तर इथली वाळूसुद्धा आवडत नाही. तेवीस वर्षं बूट झाडतोय."

"ऐका," आलबा उठून उभी राहिली. "भांडता कशाला? चौघंही अर्ज द्या आणि पुढच्या वर्षी चौघंही सहलीत नाव घाला. हाच आठवडा, एकच हॉटेल. पत्ते काय, तिथेही खेळता येतात. निम्मे पैसे आणि भांड्यांची कटकट नाही."

आपण इतकं बरोबर याआधी कधी बोललो नव्हतो, असं तिला वाटलं. फेर्मीनने मान डोलावली. एर्मिनियाने पर्समधून पेन काढलं. कारकुनाने घड्याळाकडे बघून खिडकी अर्धी खाली ओढली.

"गेल्या साली माझा गुडघा बदलला," कास्तो अर्जाकडे बघत म्हणाला. "मुलगी म्हणाली, बाबा, यंदा राहू द्या. तरी आलोच."

"माझा नवरा गेला त्या वर्षी मलाही सगळे तेच म्हणत होते," एर्मिनिया म्हणाली. तिने पेन उघडलंच नाही.

आजोबांनी आपला अर्ज पुन्हा पुडी करून खिशात टाकला.

"तुझं गणित एकदम बरोबर आहे, बाळ," ते आलबाला म्हणाले. "पण स्वस्तातल्या सहलीला माणूस केव्हाही नाही म्हणतो. इथे सहाशे चाळीस भरलेत ना, म्हणून झक मारत यावं लागतं."